बॅकट्रेस दर वेळी वेगळा येतो: कोअर फाइलमधून खरा दोष शोधताना

तोलकाट्यावर वजनाच्या चिठ्ठ्या छापणारा, सीमध्ये लिहिलेला प्रोग्राम चार-आठ दिवसांनी बंद पडतो. कोअर फाइल (प्रोग्राम पडताना साठवलेली त्याच्या मेमरीची प्रत) जीडीबी या डीबगरमध्ये उघडावी तर बॅकट्रेसमध्ये, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनांच्या साखळीत, एकदा सगळ्यात वर मजकुराची लांबी मोजणारं स्ट्रलेन दिसतं, पुढच्या वेळी छपाईचं फंक्शन, आणि एखाद्या दिवशी प्रोग्राम पडतच नाही, फक्त चिठ्ठीवर व्यापाऱ्याच्या नावाच्या जागी "(नल)" छापून येतं. मग प्रत्येक बॅकट्रेसला एक याप्रमाणे तीन दुरुस्त्या होतात, तीन ठिकाणी "पॉइंटर रिकामा आहे का" अशी तपासणी घातली जाते आणि प्रोग्राम चौथ्या ठिकाणी पडायला लागतो.

प्रोग्राम कुठे मेला एवढंच बॅकट्रेस सांगतो. मेमरी कोणी बिघडवली ते त्यात असेलच असं नाही. बिघाड करणारं फंक्शन आपलं काम आटोपून कधीच परत गेलेलं असतं आणि स्टॅकवर (चालू फंक्शनांची माहिती असलेल्या मेमरीत) त्याचा मागमूसही उरलेला नसतो. त्यामुळे बॅकट्रेस दोनदा वाचावा लागतो: आधी तो विश्वास ठेवण्याजोगा आहे का ते पाहायला, आणि मग त्यातला बिघडलेला डेटा कोणता हे ओळखायला.

खालचं सगळं ६४ बिटांच्या इंटेल-एएमडी मशिनवरच्या लिनक्ससाठी आणि जीडीबीसाठी आहे. कमांड, फंक्शनांची नावं आणि हेक्स पत्ते इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमनमध्ये टाइप करायचे.

कोअर मिळतच नसेल तर

आधी शेलचा एक्झिट कोड बघा. तो १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक असतो. १३९ म्हणजे सिग्नल ११, सेगफॉल्ट (मेमरीचा चुकीचा पत्ता वापरला). १३४ म्हणजे सिग्नल ६, अबॉर्ट. १३६ म्हणजे सिग्नल ८, बहुतेक वेळा पूर्णांकाला शून्यानं भागलेलं. १३७ आला तर बॅकट्रेस शोधण्यात वेळ घालवू नका. तो सिग्नल ९ आहे. मेमरी संपल्यामुळे कर्नेलनं प्रोग्राम मारला असेल किंवा कोणी हातानं मारला असेल, आणि सिग्नल ९ कोअर ठेवत नाही.

सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालू ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) हाताखाली सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामला तुमच्या शेलमधलं "यूलिमिट -सी अनलिमिटेड" लागू होत नाही. त्याच्या युनिट फाइलमध्ये "लिमिटकोअर=इन्फिनिटी" लिहावं लागतं. कोअर कुठे जाते हे "/प्रॉक/सिस/कर्नेल/कोअर_पॅटर्न" या फाइलमध्ये कळतं. पहिलं अक्षर उभी रेघ असेल तर कोअर दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती जाते. ती सिस्टमडीकडे जात असेल तर "कोअरडंपसीटीएल लिस्ट" चालवा. तिथे फाइलच्या रकान्यात "ट्रंकेटेड" दिसलं तर कोअर अर्धवट आहे आणि तिच्यावरून काढलेला बॅकट्रेस मधेच तुटणार. जुन्या कोअर तिथून आपोआप पुसल्याही जातात, म्हणून प्रोग्राम पडला की कोअर लगेच दुसरीकडे उचलून ठेवा. सोयाबीनच्या हंगामात तोलकाट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना ऑपरेटर प्रोग्राम परत चालू करून मोकळा होतो. त्याचं बरोबरच आहे, पण पुरावा जपायची सोय आधीच केलेली हवी.

कोअर नसली तरी "डीमेसेज"मधली (ही कमांड कर्नेलचे संदेश दाखवते) एक ओळ बरंच सांगून जाते: प्रोग्रामचं नाव, "सेगफॉल्ट अॅट" आणि पुढे पत्ता, मग आयपी (चालू सूचनेचा पत्ता), एसपी (स्टॅकच्या माथ्याचा पत्ता) आणि एरर क्रमांक. एरर ४ म्हणजे जी जागा अस्तित्वातच नाही ती वाचायला गेलेला, ६ म्हणजे तिथे लिहायला गेलेला, ७ म्हणजे जागा आहे पण लिहायची परवानगी नाही. हा क्रमांक हेक्समध्ये छापलेला असतो. १४ दिसला तर प्रोग्राम नसलेल्या पत्त्यावर सूचना चालवायला गेला होता, बहुधा फंक्शनचा पॉइंटर बिघडलेला. आयपीमधून चौकटी कंसातला मूळ पत्ता वजा केला की प्रोग्राममधलं ठिकाण निघतं. मात्र तो मूळ पत्ता कोडच्या सेगमेंटचा असतो, त्यामुळे सेगमेंटचं स्वतःचं अंतर, सहसा हेक्स १०००, परत मिळवावं लागतं. हे विसरलं की पत्त्यावरून सोर्सची ओळ शोधणारं "अॅडर२लाइन" भलतीच ओळ दाखवतं.

बॅकट्रेस त्याच बायनरीचा आहे का?

ही तपासणी कंटाळवाणी वाटते म्हणून टाळली जाते, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. काट्यावर महिन्यापूर्वीची बायनरी चालू आहे, तुमच्या टेबलावर कालची आहे. जीडीबी दोन्ही गपचूप जोडून घेईल आणि ओळींचे छानसे क्रमांकही देईल, जे खोटे असतील. "कोअर फाइल मे नॉट मॅच" किंवा "एक्झेक फाइल इज न्यूअर" अशी सूचना आली तर तिथेच थांबा.

खात्री बिल्ड आयडीवरून, म्हणजे बांधणीच्या वेळी बायनरीत घातलेल्या ओळख क्रमांकावरून होते. "फाइल" किंवा "रीडएल्फ -एन" ही कमांड बायनरीचा आयडी दाखवते. जीसीसीच्या नेहमीच्या बांधणीत तो ४० हेक्स आकड्यांचा असतो. कोअरमधल्या सगळ्या बायनऱ्यांचे आयडी "ईयू-अनस्ट्रिप -एन --कोअर=" देते. दोन्ही जुळले तर पुढे जा.

जुळणारी बायनरी हाताशी असावी यासाठी प्रत्येक बांधणीत "-जी" ठेवा, ऑप्टिमायझेशन असलं तरी. डीबग माहितीमुळे फाइल मोठी होते, प्रोग्राम हळू होत नाही. ग्राहकाकडे लहान फाइल पाठवायची असेल तर "ऑबजेकॉपी --ओन्ली-कीप-डीबग"नं डीबग माहिती वेगळी काढून बिल्ड आयडीच्या नावानं ठेवून द्या. "-ओ२" या ऑप्टिमायझेशनमध्ये काही व्हेरिएबलांपुढे "ऑप्टिमाइज्ड आउट" येणारच. ती चूक नव्हे. एखादं फंक्शन बॅकट्रेसमधून गायब दिसलं तर त्यानं शेवटची ओळ म्हणून दुसऱ्याला बोलावलं असेल आणि कंपायलरनं त्याची फ्रेमच (स्टॅकवरची त्याची नोंद) काढून टाकली असेल.

वाचायला कुठून सुरुवात करायची

तीन कमांड आधी चालवा आणि त्यांचं उत्तर फाइलमध्ये साठवा:

सेट पॅजिनेशन ऑफ
थ्रेड अप्लाय ऑल बीटी फुल
पी $_सिगइन्फो

फ्रेम शून्य लायब्ररीतली असेल तर ती सोडून द्या. स्ट्रलेन, मेममूव्ह, मॅलॉक ही फंक्शनं सदोष असण्याची शक्यता तुमच्या कोडच्या मानानं नगण्य आहे. "स्ट्रलेन-एव्हीएक्स२.एस: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" ही ओळ पाहून नवे लोक ती फाइल शोधायला लागतात. तिचा अर्थ फक्त एवढाच की लायब्ररीचा सोर्स तुमच्या मशिनवर नाही. खाली उतरत जा आणि तुमच्या कोडमधली पहिली फ्रेम गाठा. खरं वाचन तिथून सुरू होतं.

सिगइन्फोमधला (सिग्नलच्या माहितीतला) फॉल्टचा पत्ता अनेकदा बॅकट्रेसपेक्षा जास्त बोलतो. पत्ता हेक्स १८ सारखा लहान असेल तर रिकाम्या पॉइंटरवरून २४व्या बाइटवरचं फील्ड वाचलं गेलं. "पीटाइप /ओ" कमांड स्ट्रक्चरमधलं प्रत्येक फील्ड कितव्या बाइटवर आहे ते दाखवते, त्यावरून फील्ड लगेच ओळखू येतं. पत्ता $एसपीच्या अगदी जवळ असेल आणि फ्रेम हजारोंनी असतील तर स्टॅक संपला आहे. लिनक्सवर मुख्य थ्रेडचा स्टॅक सहसा ८ एमबी असतो. "बीटी -१०"नं तळाच्या दहा फ्रेम बघा, फंक्शन स्वतःला परत परत कुठून बोलवायला लागलं ते तिथे दिसेल.

यातला एक प्रकार हमखास फसवतो. पत्ता शून्य आणि "एसआय_कोड" १२८ असेल तर पॉइंटर रिकामा नसतो! ६४ बिटांच्या पत्त्यात वरच्या बिटांना ठरावीक नियम आहे. तो मोडणारा पत्ता वापरला की प्रोसेसर कोणत्या पत्त्यावर चूक झाली ते कर्नेलला सांगतच नाही, आणि कर्नेल तिथे शून्य भरतं. "डीमेसेज"मध्येही अशा वेळी सेगफॉल्टऐवजी "जनरल प्रोटेक्शन" असं लिहिलेलं असतं. अशा वेळी खरा पत्ता हवा असेल तर "एक्स/आय $पीसी"नं चालू सूचना बघायची, ती कोणतं रजिस्टर वापरते ते पाहायचं आणि "इन्फो रजिस्टर्स"मधून त्याची किंमत घ्यायची.

एकच दोष, तीन बॅकट्रेस

आता सुरुवातीचं लक्षण घेऊ. उदाहरण म्हणून इंदूरच्या तोलकाट्यावरचा प्रोग्राम धरा. तो सीरियल पोर्टवरून वजन घेतो आणि चिठ्ठी छापतो. चिठ्ठीच्या स्ट्रक्चरमध्ये तीन फील्डं आहेत:

पेठ, ३२ बाइटांचा अॅरे, अंतर ०
व्यापारी, पॉइंटर, अंतर ३२
वजन, पूर्णांक, अंतर ४०

व्यापारी आणि वजन आधी भरले जातात, पेठ शेवटी. पेठेचं नाव "मेमसीपीवाय"नं त्याच्या लांबीइतकं अधिक एक असं उतरवलं जातं. नावं रोमनमध्ये होती तोवर वर्षानुवर्षं काही झालं नाही; संयोगितागंज रोमनमध्ये १३ अक्षरांचं, ३२ मध्ये आरामात मावतं. मग चिठ्ठी देवनागरीत छापायचं ठरलं.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं आहेत. ३२ बाइटांत शेवटचा शून्य धरून दहाच चिन्हं मावतात. राजवाडा ७ चिन्हं, २१ बाइट. तुकोगंज आणि सियागंज, तेही २१. मल्हारगंज २७. परदेशीपुरा ३०, शून्यासकट ३१, म्हणजे काठावर पास. संयोगितागंज मात्र ११ चिन्हं, ३३ बाइट, शून्य धरून ३४. दोन बाइट बाहेर सांडले. लक्ष्मीबाई नगर तर मधल्या मोकळ्या जागेसकट ४० आणि शून्य धरून ४१. नऊ बाइट बाहेर. प्रोग्राम रोज का पडत नाही, त्याचं उत्तर इथे आहे. छावणीच्या मंडीतली चिठ्ठी "छावणी" म्हणून निघाली तर १५ बाइट, काही होत नाही. तीच "संयोगितागंज" म्हणून निघाली की बिघाड.

संयोगितागंजचे सांडलेले दोन बाइट व्यापारी पॉइंटरच्या खालच्या टोकावर पडतात, कारण या मशिनवर संख्येचा लहान भाग आधी साठवला जातो. "ज"चा शेवटचा बाइट ९सी आणि त्यामागचा शून्य. म्हणजे पॉइंटरचे शेवटचे चार हेक्स आकडे काहीही असले तरी आता ते ००९सी झाले. वरचे आकडे शाबूत असल्यामुळे पॉइंटर अगदी खरा वाटतो. तो कुठे पोचतो हे त्या दिवशी हीप (मॅलॉक जिथून मेमरी देतं तो भाग) कुठून सुरू झाला यावर ठरतं, आणि कर्नेल दर वेळी हीपची जागा बदलतं. लहान प्रोग्रामचा हीप सुरुवातीला जेमतेम १३२ केबी असतो, तर हा बदल पॉइंटरला ६४ केबीपर्यंत मागे ढकलू शकतो. ती जागा हीपच्या आधीची निघाली तर प्रोग्राम चिठ्ठी_छाप फंक्शनमध्येच पडतो आणि फॉल्टचा पत्ता ००९सी वर संपतो (नाव हे व्यापारीमधलं पहिलं फील्ड धरलं आहे). हीपच्या आत निघाली तर तिथले कुठलेतरी आठ बाइट नावाचा पॉइंटर म्हणून वाचले जातात आणि बॅकट्रेस असा येतो:

#० __स्ट्रलेन_एव्हीएक्स२
#१ __व्हीएफप्रिंटएफ_इंटर्नल
#२ __एफप्रिंटएफ
#३ चिठ्ठी_छाप, छपाई.सी:११८
#४ रांग_चालव, रांग.सी:६४
#५ मेन

आणि ते आठ बाइट शून्य असले तर जीलिबसी या सीच्या लायब्ररीचं प्रिंटएफ पडत नाही, "(नल)" छापतं.

लक्ष्मीबाई नगरचं वेगळंच. तिथे पॉइंटरचे आठही बाइट अक्षरांनी भरतात. जीडीबी तो असा दाखवतं:

बी० ए४ ई० ९७ ए४ ई० ए८ ए४

उजवीकडून डावीकडे वाचा: "न"चे शेवटचे दोन बाइट ए४ ए८, मग ई० ए४ ९७ म्हणजे "ग", मग ई० ए४ बी० म्हणजे "र". हा पत्ता वरच्या बिटांचा नियम मोडतो, म्हणून फॉल्टचा पत्ता शून्य आणि कोड १२८. इथे "पॉइंटर रिकामा होता" असा निष्कर्ष काढून तपासणी घातली तर ती कधीच लागू पडणार नाही, कारण पॉइंटर रिकामा नव्हताच. शिवाय नववा बाइट, तो शून्य, वजनाच्या खालच्या टोकावर पडतो: काट्यावर १२,३४५ किलो होते ते कोअरमध्ये १२,२८८ दिसतात. काट्यावरच्या वहीतल्या नोंदीशी ५७ किलोंचा फरक हा इथे बॅकट्रेसइतकाच भक्कम पुरावा आहे.

बिघडलेला पॉइंटर नजरेनं ओळखणं

फ्रेम ३ वर जा आणि पॉइंटर छापा. जीलिबसीचं मॅलॉक या मशिनवर १६च्या पटीतला पत्ता देतं, म्हणजे हेक्समध्ये शेवटचा आकडा ० असतो. मॅलॉकनं दिलेला म्हणवणारा पॉइंटर सी, ४ किंवा ९ वर संपत असेल तर तो कोणीतरी खराब केलेला आहे. (स्ट्रक्चरच्या मधल्या फील्डकडे दाखवणारे पॉइंटर याला अपवाद.)

दुसरी खूण मराठी-हिंदी मजकूर हाताळणाऱ्यांनी पाठच करावी. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ई० ए४ किंवा ई० ए५ नं सुरू होतं. पॉइंटरमध्ये, रिटर्न अॅड्रेसमध्ये, एखाद्या मोजणीच्या व्हेरिएबलमध्ये हे बाइट दिसले तर तिथे मजकूर सांडलेला आहे. जीडीबीचा कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ नसेल तर हेच बाइट अष्टमान पद्धतीनं, \३४०\२४४ आणि \३४०\२४५ असे दिसतात. "सेट चारसेट यूटीएफ-८" दिल्यावर नाव वाचता येतं, आणि कोणती नोंद दोषी आहे ते तिथेच कळतं.

मग शेजार तपासा. "पीटाइप /ओ" चालवून बिघडलेल्या फील्डच्या लगेच आधी काय आहे ते बघा. इथे पेठ आहे. "एक्स/४८एक्सबी चि" (चि म्हणजे चिठ्ठीच्या स्ट्रक्चरचा पॉइंटर) दिलं की पूर्ण स्ट्रक्चर बाइटाबाइटानं समोर येतं आणि पेठेचा मजकूर ३२व्या बाइटावर न थांबता पुढे गेलेला दिसतो. ज्यानं पेठ लिहिली तो आरोपी. वरच्या बॅकट्रेसमध्ये त्याचं नाव कुठेही नाही.

एवढ्यावर खात्री पटत नसेल, किंवा पेठेत लिहिणारी ठिकाणं बरीच असतील, तर प्रोग्राम जीडीबीत चालवा, व्यापारी पॉइंटर भरल्यानंतरच्या ओळीवर थांबा आणि

वॉच -एल चि->व्यापारी

असा पहारा लावा. प्रोसेसर स्वतः त्या आठ बाइटांवर नजर ठेवतो, वेगात फरक पडत नाही. मात्र एका वेळी असे चारच पहारे लागतात. पुढचं लिखाण झालं की जीडीबी तिथेच थांबतं आणि त्या क्षणीचा बॅकट्रेस हा खऱ्या दोषीचा असतो. एक अडचण लक्षात ठेवा: जीडीबीतून चालू केलेल्या प्रोग्रामसाठी पत्त्यांची अदलाबदल आपोआप बंद असते. त्यामुळे काट्यावर कधी इथे, कधी तिथे पडणारा प्रोग्राम जीडीबीत नेमानं एकाच जागी पडेल किंवा मुळीच पडणार नाही. "सेट डिसेबल-रँडमायझेशन ऑफ" देऊन ती परत चालू करा.

सॅनिटायझर इथे का गप्प बसतो

"अॅड्रेस सॅनिटायझर लावा" (प्रोग्राम चालू असताना मेमरीचा चुकीचा वापर पकडणारी कंपायलरची सोय) हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि एरवी तो बरोबर आहे. पण सॅनिटायझर आणि तेच काम करणारं व्हॅलग्राइंड दोघेही मेमरीच्या ब्लॉकच्या बाहेर गेलेलं लिखाण पकडतात. पेठेतून व्यापारीत सांडलेले बाइट त्याच ब्लॉकच्या आत राहिले, म्हणून दोघांच्या दृष्टीनं सगळं आलबेल. "सॅनिटायझरमध्ये स्वच्छ निघालं, म्हणजे हार्डवेअरचा दोष" या निष्कर्षाला अनेक जण इथूनच पोचतात. बिचाऱ्या रॅमवर आळ!

फॉर्टिफाय सोर्सचा (उतरवताना अॅरेची लांबी तपासणाऱ्या सोयीचा) स्तर २, जो ऑप्टिमायझेशन चालू असतानाच काम करतो, "स्ट्रसीपीवाय"साठी फक्त त्या फील्डची लांबी मोजतो. त्यामुळे तिथे हे लिखाण होताक्षणी "बफर ओव्हरफ्लो डिटेक्टेड" म्हणून प्रोग्राम थांबला असता. "मेमसीपीवाय"साठी तो संपूर्ण ऑब्जेक्टची लांबी धरतो आणि सोडून देतो. म्हणून मजकूर उतरवायला मेमसीपीवाय वापरणं हे चलाखीचं वाटलं तरी त्यामुळे एक फुकटचा पहारा हातचा जातो.

अबॉर्ट आणि प्रश्नचिन्हं

सिग्नल ६ असेल तर वरच्या पाच-सहा फ्रेम पीथ्रेड_किल, रेझ, अबॉर्ट, लिबसी_मेसेज अशाच असतात. त्या ओलांडून संदेश वाचा. "डबल फ्री" किंवा "करप्टेड टॉप साइझ" असेल तर हीपची वही आधीच बिघडली होती आणि या फ्रीनं किंवा मॅलॉकनं ती फक्त पाहिली. बॅकट्रेसमधल्या फ्रीच्या ओळीवर दुरुस्ती करू नका. इथे अॅड्रेस सॅनिटायझर सोन्यासारखा आहे, कारण तो तीन बॅकट्रेस देतो: चुकीचा वापर कुठे झाला, मेमरी सोडली कुठे, घेतली कुठे. वेग साधारण निम्मा होतो. ९६०० बॉडवर सेकंदाला जास्तीत जास्त ९६० बाइट येणाऱ्या काट्याला त्यानं काही फरक पडत नाही, म्हणून आठवडाभर प्रत्यक्ष जागेवरच तशी बांधणी चालवता येते. व्हॅलग्राइंडनं वेग वीस-तीस पटींनी घटतो, ते टेबलावरच बरं. "स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड" असेल तर ज्या फंक्शनमध्ये ते उमटलं त्याच्याच लोकल अॅरेकडे बघा. हा बॅकट्रेस सहसा प्रामाणिक असतो.

फ्रेमच्या नावाजागी दोन प्रश्नचिन्हं आली तर अर्थ दोन. पत्ता एखाद्या लायब्ररीच्या हद्दीत असेल तर फक्त तिची डीबग माहिती नाही. "इन्फो शेअर्डलायब्ररी" आणि "इन्फो प्रॉक मॅपिंग्ज" वरून ते कळतं. पत्ता कुठल्याच हद्दीत बसत नसेल आणि खाली "करप्ट स्टॅक?" अशी शंका असेल तर स्टॅकच फाटला आहे. मग "एक्स/६४ए $एसपी" द्या. स्टॅकवरचे ६४ शब्द, शक्य तिथे फंक्शनांच्या नावांसह, उतरतात. त्यातली काही नावं जुन्या, संपलेल्या कॉलची शिळी उरलेली असतील, तरी साखळी बऱ्यापैकी जुळवता येते. $पीसी शून्य असेल तर रिकाम्या फंक्शन पॉइंटरवरून कॉल झाला आहे, आणि कोणी केला त्याचा पत्ता स्टॅकच्या माथ्यावरच पडलेला असतो.

पत्ते हातानं ओळींमध्ये बदलत असाल तर फ्रेम १ पासून पुढे प्रत्येक पत्त्यातून १ वजा करा. तो कॉल संपल्यावर परत यायचा पत्ता असतो, कॉलचा नव्हे. जीडीबी हे स्वतः करतं, अॅडर२लाइन करत नाही.

दुरुस्ती करताना

३२ चे १२८ करणं सोपं, पण तीच पेठ दुसऱ्या एखाद्या स्ट्रक्चरमधून थेट डेटा फाइलवर लिहिली जात असेल तर नव्या बांधणीला जुनी फाइल वाचता येणार नाही. आधी फाइलच्या माथ्यावर आवृत्तीचा क्रमांक आहे का ते बघा. नसेल तर जुन्या नोंदी नव्या मापात उतरवणारा छोटा प्रोग्राम आधी लिहा आणि चाचणी मूळ फाइलच्या प्रतीवर करा.

उतरवताना "एसएनप्रिंटएफ" वापरा आणि त्यानं परत दिलेली संख्या तपासा. ती अॅरेच्या मापाइतकी किंवा जास्त असेल तर नाव कापलं गेलं आहे. कापणं टाळता येत नसेल तर शेवटचं चिन्ह अर्धं राहणार नाही हे पाहा: ज्या बाइटापाशी कापायचं त्याचे वरचे दोन बिट १० असतील तर तो एखाद्या चिन्हाच्या मधला आहे, एकेक बाइट मागे सरका. त्यानंतर शेवटी ई० ए५ ८डी, म्हणजे हलन्त, उरला असेल तर तोही काढा. प्रिंटएफमधलं रुंदीचं माप बाइट मोजतं, चिन्हं नव्हे. म्हणून "%-२०एस" वापरलेले रकाने देवनागरीत वेडेवाकडे येतात आणि "%.२०एस" सहा चिन्हं पूर्ण छापून सातव्याचे दोनच बाइट प्रिंटरला पाठवतं.

चाचणीच्या यादीत राजवाडा आणि छावणी ठेवून उपयोग नाही. परदेशीपुरा, संयोगितागंज आणि लक्ष्मीबाई नगर ठेवा: एक काठावर मावणारं, एक थोडंसं सांडणारं, एक पॉइंटर पूर्ण पुसणारं.

आणि कोअर दुसऱ्या कोणाला पाठवायची वेळ आली तर तिच्यात त्या क्षणी मेमरीत असलेलं सगळं असतं, व्यापाऱ्यांची नावं, रकमा, डेटाबेसचा पासवर्डसुद्धा. शक्यतो कोअर न पाठवता "थ्रेड अप्लाय ऑल बीटी"चं उत्तर, सिगइन्फो, रजिस्टरं, $पीसीजवळच्या दहा-बारा सूचना आणि बिल्ड आयडी पाठवा. "बीटी फुल" पाठवणार असाल तर आधी स्वतः वाचून काढा, कारण त्यात लोकल व्हेरिएबलांच्या किमती असतात.